बरडीवरचे गवत : गोंदियातील चराईचा इतिहास

गोंदिया जिल्ह्याची ओळख बहुतेक पुस्तकांत धान आणि तलाव या दोन शब्दांत आटोपते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. अहिल्यानगर किंवा सोलापूरकडच्या माणसाला हा आकडा ऐकून हेवा वाटावा. इतक्या पावसाच्या मुलखात गवताची वाण असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण धानाच्या बांध्या संपून जिथे तांबडी मुरमाड जमीन सुरू होते, तिथे मार्च महिन्यात जाऊन पाहावे. तरोट्याच्या वाळलेल्या काड्या, रानतुळशीचे ताटवे, घाणेरीची झुडपे आणि मधूनमधून उघडा पडलेला मुरूम, एवढेच दिसते. या जमिनीला इथले शेतकरी बरडी म्हणतात. महसुलाच्या दप्तरात तिच्यातल्या बऱ्याच भागाला ‘झुडपी जंगल’ असे एक वेगळेच नाव आहे. त्या नावाची हकिगत पुढे येईलच.

ही जमीन अशी का झाली, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते, गुरे फार झाली. आमच्या मते हे उत्तर अर्धेच आहे. गेली सव्वाशे-दीडशे वर्षे चराईचा प्रश्न हाताळणाऱ्यांनी ‘गुरे किती’ हे सतत मोजले. ‘गुरे केव्हा आणि किती दिवस’ हे मात्र फारसे विचारले नाही. गवताच्या दृष्टीने दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि गोंदियासारख्या धानाच्या मुलखात तर तो अधिकच नाजूक आहे.

गवताची मुळे आणि गाईचे तोंड

इतिहासात शिरण्याआधी गवताच्या शरीररचनेविषयी थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढचा वाद कळणार नाही. आंब्याच्या रोपाचा शेंडा खुडला तर त्या फांदीची वाढ तिथेच थांबते. गवताचे तसे नाही. त्याचा वाढीचा बिंदू बराच काळ बुंध्याशी, जमिनीलगत असतो आणि पानेही तळापासून वाढतात. म्हणून गाय वरचे पाते खाऊन गेली तरी गवत पुन्हा उगवून येते. चरणाऱ्या प्राण्यांच्या सोबतीनेच गवत लाखो वर्षे घडत आले आहे. चरले जाणे हा त्याच्यावरचा अपघात नव्हे.

पण याला मर्यादा आहे. पुन्हा फुटण्यासाठी लागणारे अन्न उरलेल्या पानांतून आणि बुंध्यातल्या साठ्यातून येते. अमेरिकेतील एफ. जे. क्रायडर या संशोधकाने १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे लक्षात घेण्याजोगे आहेत. गवताची निम्म्यापेक्षा कमी पाने कापली तर मुळांची वाढ जवळजवळ तशीच चालू राहिली. ऐंशी टक्के पाने एकदा कापली तेव्हा मुळांची वाढ सुमारे बारा दिवस पूर्ण थांबली. नव्वद टक्के कापली तेव्हा सतरा दिवस. याचा अर्थ असा की वरची कापणी डोळ्यांना दिसते, पण खरे नुकसान खाली, मातीत होते. मुळे पुन्हा वाढू लागण्याआधीच त्याच थोंबावर दुसऱ्यांदा तोंड पडले, तिसऱ्यांदा पडले, की मुळे आखूड होत जातात. आखूड मुळांचे गवत डिसेंबरात वाळते आणि पुढच्या मृगाला उठतच नाही.

त्यातून गुरे निवडून खातात. पवन्या आणि मारवेल ही चवीची, बहुवर्षायू गवते आधी संपतात. कुसळी कोवळी असेतो खाल्ली जाते, कुसळे धरल्यावर गुरे ती टाळतात. तरोट्याला तर तोंडच लावत नाहीत. त्यामुळे एकाच जागी रोज चराई चालू राहिली की चांगल्या गवताला शिक्षा आणि वाईटाला बक्षीस असा प्रकार होतो. पवन्याची जागा कुसळी घेते, कुसळीची जागा अरिस्टिडासारखी काडी-गवते घेतात आणि शेवटी तरोटा उरतो. बरडीवर आज जे दिसते ते या जिन्याच्या शेवटच्या पायरीवरचे चित्र आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे गवत वर्षभर वाढत नाही. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत ते वाढते, दिवाळीच्या आगेमागे बी धरते आणि नंतर सहा-सात महिने नुसते उभे वाळलेले असते. वाळलेल्या काडीवर जानेवारीत गुरे फिरली तर बुंध्याचे फारसे बिघडत नाही. तेव्हा गवताला विश्रांती हवी ती पावसाळ्यात. उन्हाळ्यात कुरण बंद ठेवणे म्हणजे शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद ठेवण्यासारखे आहे. ती तशीही बंदच असते.

धानाचे वेळापत्रक, गुरांचे वेळापत्रक

आता धानाकडे वळू. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने या भागात तलाव बांधले. नवेगावबांध हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव, पण लहान तलाव आणि बोड्या गावोगाव आहेत. तलावाखालची कन्हार आणि मोरांड जमीन धानाला गेली, तर सिहार आणि बरडी वर राहिली. गावाच्या गुरांचे वर्ष या मांडणीतून ठरत गेले.

मृगात पऱ्हे टाकले की गुरे शेतातून बाहेर. आषाढात रोवणी सुरू झाली की बांधीच काय, धुऱ्यावरही त्यांना जाता येत नाही. हलका धान दिवाळीच्या सुमारास निघतो, भारी धान त्यानंतर. पण तरी शेत मोकळे होत नाही, कारण ओल असलेल्या बांधीत उभ्या धानातच लाखोरी फेकलेली असते. या उतेऱ्याच्या पिकासाठी फेब्रुवारीपर्यंत गुरांना आवरावे लागते. त्यानंतर मात्र सगळे शिवार खुले होते आणि एप्रिल-मे महिन्यांत तलावाचे पाणी ओसरले की त्याच्या पोटातली ओलसर जागाही चरायला मिळते.

हे वेळापत्रक गवताच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. गवत ज्या चार महिन्यांत वाढते नेमक्या त्याच चार महिन्यांत गावातले प्रत्येक जनावर बरडीवर असते. दख्खनच्या ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यात, जिथे जमीन रब्बीसाठी पावसाळ्यात पडीक ठेवण्याची रीत होती, तिथे गुरांना थोडी तरी दुसरी वाट होती. धानाच्या गावात ती नाही. आम्हाला इथल्या प्रश्नाची गाठ याच ठिकाणी दिसते.

मग पूर्वी हे कसे निभावले? मुख्यतः जमीन पुष्कळ होती म्हणून. आणि गुरे एकेकटी सुटत नव्हती म्हणून. सकाळी गावची ढोरे आखरावर जमत आणि गोवारी त्यांना घेऊन निघे. वर्षाचे धान्य ठरवून घेऊन गावाची गुरे राखणारा हा समाज पूर्व विदर्भात सर्वत्र आहे. दिवाळीत लक्ष्मीपूजनानंतर येणारा गायगोधनाचा सण त्याच्याशिवाय होत नाही. शंभर-दीडशे गुरांचा एक कळप, त्याच्यामागे एक माहीतगार माणूस आणि आज एका बाजूचे रान तर उद्या दुसऱ्या बाजूचे, अशी ही रचना होती. कळप पुढे सरकला की मागच्या गवताला आपोआप काही दिवस मिळत. याला कोणी ‘नियोजन’ म्हणत नव्हते.

या काळाचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. नवे गवत लवकर फुटावे म्हणून रानाला आगी लावल्या जात. गुरांची संख्या आटोक्यात राहायची ती अनेकदा बुळकांडीच्या साथींमुळे आणि दुष्काळांमुळे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताला किती झोडपले हे इतिहासाच्या शिक्षकांना सांगायला नको.

डोक्यांची मोजदाद

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्यानंतरच्या जमाबंदीत मालगुजारांना गावांची मालकी मिळाली. पडीक जमिनीची मात्र वाटणी झाली. काही भाग गावाबरोबर मालगुजाराकडे गेला आणि उरलेले मोठे रान सरकारने आपल्याकडे घेतले. १८७८ च्या वन कायद्यानंतर त्यातून राखीव जंगले झाली. गोवाऱ्याच्या पायाखालचे एकसंध रान आता दोन मालकांत विभागले गेले.

सरकारी जंगलात चराई बंद झाली असे नाही. ती परवान्याने चालू राहिली. डॉ. व्होल्कर हे शेतीतज्ज्ञ इंग्लंडहून आले होते. त्यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात जळण आणि चारा यांसाठी वेगळी राखीव राने ठेवावीत असे आग्रहाने मांडले. त्यांचा मुद्दा साधा होता. जळण मिळाले तर शेण चुलीत न जाता शेतात जाईल. १८९४ च्या वननीतीने जंगलांचे चार वर्ग केले आणि त्यातला चौथा वर्ग ‘चराऊ जमिनी’ हा होता. कागदावर हे चांगलेच पाऊल होते. पण चराऊ जमीन हा वर्ग शेवटचा आला तो योगायोगाने नव्हे. झाडांच्या कूपांचे वेळापत्रक वनखात्याकडे वर्षावर्षाचे आखलेले असे. एखादा कूप तोडला की नव्या रोपांसाठी तो ठराविक वर्षे गुरांना बंद राही. गवतासाठी असे वेळापत्रक कोणी आखले नाही. गवताबाबत मोजायचे ते फक्त जनावर, गाय-बैल किती, म्हशी किती, त्यांची फी किती. परवाना डोक्यामागे मिळे आणि हंगामभर चाले.

पुढची कलाटणी स्वातंत्र्यानंतरची. जुन्या मध्य प्रदेशाने १९५० मध्ये मालकी हक्क रद्द करण्याचा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. गावाच्या पडीक जमिनी शासनाकडे आल्या. गावकऱ्यांचे लाकूड, गवत, चराई यांवरचे हक्क ‘निस्तार पत्रका’त लिहिले गेले. शेतसारा देणाऱ्या कुळाला, मजुराला, सर्वांनाच लागू असलेला ‘निस्तार’ हा मध्य प्रांताचा खास शब्द आहे आणि विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आल्यावर तो महाराष्ट्राच्या कायद्यातही शिरला. याच नोंदींमध्ये खुरट्या झुडपांच्या, मुरमाड, प्रामुख्याने गुरचरणाला वापरल्या जाणाऱ्या जमिनींना ‘झुडपी जंगल’ म्हटले गेले. नाव जंगल, उपयोग कुरणाचा आणि मालक महसूल खाते, अशी ही तिहेरी ओळख होती.

मालगुजारी अन्यायाची होती आणि ती गेली हे चांगलेच झाले. पण तिच्याबरोबर तलावाची देखभाल कोणी करायची आणि कुरणात कोणी कोणाला अडवायचे, हे ठरवणारी जागाही रिकामी झाली. ती ग्रामपंचायतीने भरावी अशी अपेक्षा होती. फार थोड्या ठिकाणी ती पुरी झाली. अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी महाराष्ट्रासह सात राज्यांच्या कोरडवाहू भागांतील ऐंशीहून अधिक गावांचा अभ्यास केला. त्यात १९५० ते १९८४ या काळात गावांच्या सामाईक जमिनी ३१ ते ५५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. गोंदिया त्या अभ्यासात नव्हता, पण इथल्या कोणत्याही शिक्षकाने गावातल्या म्हाताऱ्यांना आखर कुठे होता हे विचारावे. बहुतेक ठिकाणी त्या जागी आज काहीतरी बांधलेले आढळेल.

‘केव्हा’ हा प्रश्न विचारणारे

गंमत अशी की ‘किती’ऐवजी ‘केव्हा’ हा प्रश्न विचारण्याची परंपराही जुनी आहे, फक्त ती वेगळ्या वाटेने आली. स्कॉटलंडमधील जेम्स अँडरसन याने १७७७ मध्येच सुचवले होते की कुरणाचे पंधरा-वीस तुकडे करावेत आणि गुरांना एकेका तुकड्यात थोडे दिवस ठेवून पुढे न्यावे. त्यानंतर अमेरिकेत आर्थर सॅम्पसन यांनी ओरेगॉन राज्यातील डोंगराळ सरकारी कुरणांवर काम केले. बी धरेपर्यंत एका तुकड्यात चराई पुढे ढकलायची आणि दर वर्षी तुकडा बदलायचा, ही त्यांची पद्धत. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात एक बारीक निरीक्षण आहे. बी पिकून सांडल्यावर गुरे आत सोडली तर त्यांच्या खुरांनी ते मातीत दाबले जाते. म्हणजे योग्य वेळी आलेले जनावर पेरणीयंत्राचे काम करते.

फ्रान्सचे आंद्रे व्हॉइसँ यांनी १९५७ मधल्या आपल्या पुस्तकात हाच विचार टोकाला नेला. गवतावर ताण पडतो तो जनावरांच्या संख्येमुळे नव्हे, तर ती तिथे किती वेळ राहतात आणि किती लवकर परत येतात यामुळे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे झिंबाब्वेच्या ॲलन सेव्हरी यांनी या कल्पनेतून दाट कळप, थोडा मुक्काम आणि लांब विश्रांती अशी पद्धत जगभर नेली. २०१३ मधल्या एका गाजलेल्या भाषणात त्यांनी वाळवंटीकरण आणि हवामानबदल यांवरही हाच उपाय असल्याचे सांगितले.

इथे मात्र थांबून पुरावा पाहिला पाहिजे. डेव्हिड ब्रिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. गुरांची संख्या तितकीच ठेवली तर फिरत्या चराईचे उत्पादन सततच्या चराईपेक्षा बहुतेक प्रयोगांत जास्त आले नाही. त्यावर उत्तर असे आले की प्रयोगातली फेरी कॅलेंडरने ठरवलेली होती; खरा कुशल पशुपालक गवत पाहून कळप हलवतो. हा वाद मिटलेला नाही. आमचा कल असा आहे की सेव्हरी यांचे जगाला वाचवण्याचे दावे बाजूला ठेवावेत, कारण त्यांना पुरेसा आधार नाही. पण वाढीच्या हंगामात विश्रांती मिळालेले बहुवर्षायू गवत सावरते, या मूळ विधानाबद्दल दोन्ही बाजूंचे फारसे दुमत नाही. संख्या अतोनात असेल तर कोणतीही फेरी उपयोगी पडत नाही, हेही दोघांना मान्य आहे.

महाराष्ट्रात हे काम उशिरा आले असे समजू नये. मुंबई इलाख्याचे आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बर्न्स यांनी एल. बी. कुलकर्णी आणि एस. आर. गोडबोले यांच्यासह १९२० च्या दशकात पश्चिम भारतातल्या गवतांचा अभ्यास केला. त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये निघाला. चराई आवरल्यावर कोणते गवत कोणाच्या मागून येते, हा क्रम त्यांनी नोंदला. पुढे पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी देशभराच्या पाहणीवरून भारतातील गवताळ आच्छादनाचे पाच मुख्य प्रकार ठरवले. त्यांचा ग्रंथ १९७३ चा. आपला सारा द्वीपकल्पीय भाग त्यातल्या सेहिमा-डायकँथियम प्रकारात मोडतो. सेहिमा म्हणजे आपला पवन्या आणि डायकँथियम म्हणजे मारवेल. थोडक्यात, बरडीवर पूर्वी काय असावे याचे उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात आणि गोवाऱ्याच्या बोलण्यात एकच आहे.

बंदी की फेरी

महाराष्ट्रात जे लोकांपर्यंत पोचले ते फेरीचे नव्हे, बंदीचे तत्त्व. राळेगणसिद्धी आणि नंतर हिवरे बाजार यांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी घराघरांत पोचवली. डोंगर बंद ठेवायचा, गवत कापून गोठ्यात न्यायचे. त्या कमी पावसाच्या मुलखात त्याचे फळ डोळ्यांनी दिसले आणि त्या गावांचे श्रेय कोणी नाकारणार नाही.

पण तोच नमुना जसाच्या तसा गोंदियात चालेल का? आम्हाला शंका आहे. चारशे-पाचशे मिलिमीटर पावसात जमीन बंद केली की गवत येते. बाराशे मिलिमीटर पावसात ती बंद केली की दोन-तीन वर्षे गवत येते आणि त्यामागून झुडपे येतात. बी जवळपास असेल तर घाणेरी आणि रानतुळस पहिल्या पावसातच मुसंडी मारतात. न कापलेले, न चरलेले जुने गवत स्वतःच्याच वाळल्या पाल्याखाली गुदमरते आणि उन्हाळ्यात वणव्याला इंधन होते. तेव्हा इथे गुरे काढून टाकणे हे गवत राखण्याचे साधन होऊ शकत नाही. गुरे किंवा विळा यांपैकी काहीतरी ठरावीक वेळी यावेच लागते.

याचा पडताळा जिल्ह्यातच, तोही जंगलाच्या आत मिळतो. नागझिरा अभयारण्य १९७० चे आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चे. दोन्ही मिळून डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. नवेगावच्या रानातली काळीमाती, कवलेवाडा, झनकारगोंदी ही गावे बाहेर हलवण्यात आली. हलवलेल्या गावांच्या जुन्या शेतांत कुरणे राखणे ही व्याघ्र प्रकल्पांची नेहमीची रीत आहे, कारण चितळ आणि रानगवे नसतील तर वाघ राहणार नाही. मात्र ही कुरणे नुसती सोडून दिली तर टिकत नाहीत. तरोटा आणि रानतुळस बी धरण्याआधी उपटावी लागते, चांगले गवत लावावे लागते, झुडपे काढावी लागतात. गावाबाहेरच्या बरडीवर जे काम गुरे आणि माणसे मिळून करत, तेच इथे मजुरी देऊन करावे लागते. गावे हलवण्याच्या न्याय-अन्यायाचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. तो इथे एका परिच्छेदात उरकणे बरे नव्हे.

सामाईक जागा लोकांच्या वेळापत्रकावर सावरू शकते, याचे उदाहरणही इथलेच आहे, पण ते गवताचे नसून पाण्याचे आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या परिसरात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजाबरोबर तलावांवर काम केले. तलावातली बेशरम काढली, पोटात स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि स्थानिक माशांना जागा करून दिली. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर आणि कोणत्या माशासाठी, हे ज्ञान ढिवरांकडे होते. कुरणाच्या बाबतीत तसे ज्ञान गोवाऱ्याकडे आहे. पण ट्रॅक्टर आल्यावर बैल घटले, गोवाऱ्यांची पोरे दुसऱ्या कामाला लागली आणि बऱ्याच गावांत आज गुरे राखणारा उरलेला नाही. काटक, लहान चणीची, चिखलणीला तरबेज अशी इथली ‘कठाणी’ गाय २०२३ च्या सुमारास राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली, ही आनंदाची गोष्ट आहे. ती जगते मुख्यतः चरून, गोठ्यातल्या पेंडीवर नव्हे. आणि राखणदाराशिवाय गुरे मोकाट सुटली तर कोणतीही फेरी पाळता येत नाही, मग ती सॅम्पसनची असो की आपली.

आता बेत काय असू शकतो ते पाहू. गावाच्या बरडीचे तीन भाग करावेत. दर पावसाळ्यात एक भाग रोवणीपासून बी सांडेपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबरपर्यंत बंद. दिवाळीनंतर त्यात कळप सोडावा म्हणजे बी खुरांनी दाबले जाईल. पुढच्या वर्षी दुसरा भाग. तीन वर्षांत प्रत्येक थोंबाला एक पूर्ण पावसाळा मिळतो. उरलेल्या दोन भागांवर तेवढाच भार वाढेल, हा आक्षेप रास्त आहे. त्याला इथे एक उत्तर आहे, धानाची तणस. मळणीनंतर तिचे ढीग पडतात. एकट्या तणशीत प्रथिने फार कमी असतात, पण धुऱ्यावरचे हिरवे गवत कापून तिच्याबरोबर दिले तर आषाढ-श्रावणातले काही आठवडे निभतात. ती उन्हाळ्यात संपवून न टाकता पावसाळ्यासाठी कोरडी राखणे, हा या बेताचा कठीण भाग आहे.

कायद्याची बाजू पूर्वीपेक्षा मोकळी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ‘निस्तार’ हा शब्द नाव घेऊन मान्य केला, चराईचा हक्क दिला आणि सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. गोंदियातील अनेक गावांना असे सामूहिक हक्क मिळाले आहेत. ग्रामसभेच्या आराखड्यात तेंदू आणि बांबूचे हिशोब येतात. चराईचे वेळापत्रकही त्यात लिहिता येते.

झुडपी जंगलाचा निकाल मात्र दुसऱ्या दिशेने लागला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या या जमिनींपैकी सुमारे ८६ हजार हेक्टर वनव्यवस्थापनाला योग्य नाहीत, असे शासनाचे म्हणणे होते. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, १९९६ च्या आपल्या आदेशाला धरून, झुडपी जंगल हे वनच समजले जाईल असे सांगितले. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना वाट ठेवली. इतरत्रच्या प्रकल्पांची भरपाई म्हणून या जमिनींवर सरसकट झाडे लावण्यालाही न्यायालयाने अटी घातल्या. बांधकामापासून ही जमीन वाचली, हे मोठेच झाले. पण ‘वन’ म्हटले की खड्डे आणि रोपे, ही आपल्या खात्यांची आणि, खरे सांगायचे तर, आपल्या शाळांचीही सवय आहे. जुलैत मुलांना रोपे देऊन बरडीवर पाठवताना त्या खड्ड्याच्या जागी पवन्याचे थोंब होते का, हे कोणी पाहत नाही.

ते पाहण्याचा एक स्वस्त उपाय आहे. मृगाच्या आधी जवळच्या चराऊ जमिनीवर एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन आखून त्याभोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालावे. शेजारी तेवढाच चौकोन उघडा ठेवावा. दर पंधरा दिवसांनी मुलांनी दोन्हींतली रोपे मोजावीत, गवताची उंची घ्यावी आणि गावातल्या गुराख्याला प्रत्येकाचे नाव विचारून लिहावे. दिवाळीच्या सुट्टीआधी दोन्हींतले गवत कापून, वाळवून तोलावे. कुंपणात पवन्या किंवा मारवेल उठले तर बुंधे अजून जिवंत आहेत आणि नुसती विश्रांती पुरेल. नुसता तरोटाच माजला तर त्या जागी बुंधे उरलेले नाहीत. तिथे आधी तरोटा फुलण्यापूर्वी उपटून गवताचे बी पेरावे लागेल आणि फेरीचा विचार त्यानंतरचा.